आबांचे गुडघे आणि बैलाचं वशिंड

बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या सगळ्यात उंच डोंगरावर जायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती आबांच्या गुडघ्यांची. आबा म्हणजे माझे सासरे, वय वर्षं सत्त्याहत्तर. खरं सांगायचं तर चर्चा मी एकटीच करत होते. आबा बाल्कनीत पेपर वाचत होते आणि माझी लेक लॅपटॉपवर बुकिंग करत होती. मी हॉलच्या मधोमध उभी राहून गुडघ्यांचं तेल, गुडघ्यांच्या गोळ्या, नी-कॅप, काठी आणि अर्ध्या वाटेत गुडघ्यांनी दगा दिला तर खाली कसं आणायचं, अशी यादी वाचून दाखवत होते. विम्याच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेली बाई मी. वाईट काय काय होऊ शकतं याची यादी केल्याशिवाय मी भाजीलासुद्धा उतरत नाही.

लेक म्हणाली, "आई, आबांचं बुकिंग झालंय. आता फक्त तुझं करायचंय. येतेयस ना?"

जायचं कारण जुनं होतं. आबा मूळचे उत्तनजवळच्या तारोडीचे. पंचेचाळीस वर्षं त्यांनी समुद्रावर मासेमारी केली. समुद्रात रस्ते नसतात, खुणा असतात, हे मला लग्न झाल्यावर त्यांनीच सांगितलं होतं. त्यांच्या परतीच्या वाटेवर पाण्याखाली एक खडक आहे, भरतीला तो दिसत नाही. तो चुकवायचा तर जमिनीकडे बघायचं. पुढे किनाऱ्यावर गावची टेकडी आणि तिच्या मागे, लांब पूर्वेला, नॅशनल पार्कातला डोंगर. समुद्रातून तो डोंगर बसलेल्या बैलासारखा दिसतो आणि त्याचं सगळ्यात उंच टोक म्हणजे त्या बैलाचं वशिंड. टेकडीच्या उजव्या खांद्यावर वशिंड बसलेलं दिसलं की होडी वाटेवर आहे. ते जरा इकडेतिकडे सरकलं की वाट चुकली, सुकाणू फिरवायचं. आबांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं आणि आबांनी माझ्या नवऱ्याला. पण नवरा शिकला, बँकेत लागला आणि आम्ही भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या रस्त्यावर फ्लॅट घेतला, त्यामुळे ती खूण पुढे कुणाच्या कामाला आली नाही. आबांच्या पुतण्याच्या होडीवर आता जीपीएस आहे.

मी स्वतः तो बैल कधी पाहिला नव्हता. मी लालबागची. मला गाडी लागते तशी होडीही लागते, तीही बंदरात नुसती उभी असताना.

तर लेक डिसेंबरमध्ये ऑफिसच्या ग्रुपबरोबर त्या डोंगरावर जाऊन आली. तिथून तळी दिसतात, खाडी दिसते, हवा स्वच्छ असेल तर समुद्रही दिसतो, असं तिने जेवताना सांगितलं. आबांनी हातातला घास ताटात ठेवला. कुठून गेलीस, किती वेळ लागला, वर काय आहे, असं एकेक विचारत राहिले. पार्कातला सगळ्यात उंच डोंगर तोच ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग हात धुवायला उठताना म्हणाले, "दर्याला दर साल नारळ दिला. बैलाला कवा दिलाच न्हाय. एकदा जाऊन यावं म्हनतो."

आबा काही मागत नाहीत. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यातली एक नेलकटर होती. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न गुडघ्यांचा होता.

बारा वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. सकाळी ऑफिसला जायला बूट घालत होता, तिथेच बसला आणि संपलं. तो चव्वेचाळीसचा, मी बेचाळीसची, लेक अकरा वर्षांची. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. तेरावं झाल्यावर गावची माणसं परत निघाली, तेव्हा आबा मात्र सोफ्यावरून उठले नाहीत. म्हणाले, गुडघे गेले. होडीत चढवत नाही, गावच्या घराच्या पायऱ्या चढवत नाहीत, तुझ्याकडे लिफ्ट आहे, राहू का इथे? तोवर ते रोज समुद्रावर जात होते हे मला माहीत होतं, पण पोटचा मुलगा गेल्यावर माणूस एका रात्रीत म्हातारा होतो हेही मला माहीत होतं. मी म्हटलं, राहा की, घर तुमचंच आहे.

आता कबूल करायला हरकत नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला जरा मोठी समजायला लागले. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, नवरा नसताना सासऱ्यांना सांभाळतेय, आजकाल कोण करतं? शेजारच्या गुजराती काकी तर आपल्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. मी वरवर "त्यात काय" म्हणायचे आणि आतून फुगायचे. दर थंडीत मी आबांना नवं तेल आणायचे, डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागायचे. डॉक्टरांकडे जायला मात्र ते कधीच तयार झाले नाहीत. सहा वर्षांपूर्वी मी चांगली महागातली नी-कॅप आणली. ती त्यांनी "बरी हाय" म्हणून कपाटात ठेवली. दुखणंही विचित्र होतं, कधी उजवा गुडघा, कधी डावा. मी त्याला वात म्हणत होते.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पहाटे निघालो. टॅक्सीवाल्याने बॅगेतून डोकावणारी नारळाची शेंडी बघून "मंदिर जा रहे हो क्या, आंटी?" असं विचारलं. आबा पुढच्या सीटवरून म्हणाले, "हां, वैसाइच." मेट्रोच्या खांबांखालून काशिमीरा, मग दहिसर नाका आणि बोरिवलीचं पार्काचं गेट. अजून नीट उजाडलंही नव्हतं आणि चालायला येणाऱ्यांची रांग लागली होती.

गेटवर बॅगा तपासल्या. माझ्या बॅगेतून अगरबत्ती आणि काडेपेटी निघाली, ती त्यांनी ठेवून घेतली. जंगलात विस्तव नको, हे मलाही पटलं. नारळ बघून तिथला माणूस विचारात पडला. तेवढ्यात आमच्याबरोबर येणारा वाटाड्या आला. पार्कातल्याच एका पाड्यावर राहणारा, पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस. त्याने आबांना विचारलं, वर नारळ कशाला? आबांनी त्याला बैलाची गोष्ट सांगितली. गेटवरचा माणूसही ऐकत उभा राहिला. वाटाड्या म्हणाला, नारळ न्या, फोडा, पण सगळा खायचा आणि करवंटीसकट खाली आणायचा. वर काही टाकायचं नाही. आबांनी मान हलवली. समुद्रातही ते प्लास्टिक टाकणाऱ्याला शिव्या देत असत.

कान्हेरी लेण्यांच्या बाजूने पायवाट सुरू झाली. सुरुवातीला सावली, वाळलेला पाचोळा, मधेच लाल फुलांनी भरलेली एखादी काटेसावर. नंतर चढ लागला. सगळ्यांत पुढे वाटाड्या, मग आबा, मग लेक आणि शेवटी मी. मी मुद्दामच मागे राहिले होते, म्हणजे आबांचा तोल गेला तर सावरता येईल. पहिल्या वीस मिनिटांत माझ्या लक्षात आलं की तसं काही झालंच तर मी आबांपर्यंत पोचणार कशी, हाच मोठा प्रश्न आहे. ते माझ्यापासून दोन वळणं पुढे होते. त्यांच्या उजव्या पायात मी आणलेली नी-कॅप होती, हातात काठी होती आणि ती काठी ते जमिनीला न टेकवता नुसती काखेत धरून चालत होते.

दर थोड्या वेळाने ते थांबायचे. मला वाटायचं, दमले. मी धापा टाकत पोचले की विचारायचे, "बरी हायस?" आणि पुन्हा चालू लागायचे. एका मोठ्या दगडाजवळ मी हट्टाने त्यांना बसवलं, लेंगा वर करायला लावला आणि डाव्या गुडघ्याला तेल चोळलं. आबा निमूटपणे चोळून घेत होते. वाटाड्या माझ्याकडे बघत होता, मग आबांकडे बघत होता. लेक म्हणाली, "आई, तू आधी पाणी पी." मी पाणी प्यायले. माझी समजूत अशी होती की हे सगळं श्रद्धेच्या जोरावर चाललंय आणि रात्री या माणसाला पाय हलवता येणार नाही.

आबा आणि वाटाड्या यांचं मात्र चांगलं जमलं होतं. त्याने आबांना बिबट्याने झाडावर ओढलेले नखांचे ओरखडे दाखवले. आबांनी विचारलं की अंधारात जंगलात वाट कशी कळते. तो म्हणाला, पायाला कळते, दगड ओळखीचे असतात. तो कधी होडीत बसला नव्हता. आपला डोंगर समुद्रातून दिसतो, तो बघून माणसं घरी येतात, हे त्याला माहीतच नव्हतं. हे ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की पुढे दोन-तीनदा त्याने तेच विचारलं. खरंच दिसतो का? रोज? पावसात पण?

सव्वादहाच्या सुमाराला आम्ही माथ्यावर पोचलो. मला वाटलं होतं टोक म्हणजे टोक असेल. तिथे होतं एक मोकळं पठार. वाळलेलं गवत, काळे दगड, चार झुडपं आणि वारा. एका बाजूला खाली तुळशी तलावाचं पाणी, त्याच्यापलीकडे विहार, सगळीकडे जंगल आणि जंगलाच्या कडेने आपल्या इमारती. मुंबईत इतकी हिरवळ शिल्लक आहे हे खाली राहून कधी पटलं नसतं. वारा अंगावर घेत मी उभी राहिले आणि इथवर आणल्याबद्दल मनातल्या मनात लेकीचे, आबांचे, त्या बैलाचे, सगळ्यांचे आभार मानले.

आबा मात्र गोंधळले होते. ते पठारावर या टोकाकडून त्या टोकाकडे गेले, पायाखाली बघितलं, मग चारी बाजूंना बघितलं. शेवटी माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाय, हा तो न्हाय."

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, हा सपाट आहे. वशिंड असं नसतं. मग त्यांनी वायव्येकडे बोट दाखवलं. तिकडे थोडी खालच्या उंचीची एक टेकडी होती आणि तिला खरोखर छान गोल उंचवटा होता. आबा म्हणाले, बैल तो आहे, आपण चुकलो. वाटाड्याने सांगितलं की तिकडे जायची वाट नाही आणि परवानगीही नाही.

सगळ्यात उंच म्हणजेच बैल, हे मीही आबांसारखंच गृहीत धरलं होतं. मीच यादी केली होती, त्या यादीत गोळ्या होत्या, ग्लुकोज होतं, पण हाच का तो डोंगर, हा प्रश्न नव्हता. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला, असल्या गुडघ्यांनिशी, मी चुकीच्या डोंगरावर आणलं होतं. पुढच्या वर्षी त्यांना जमेल की नाही कुणी सांगावं? मी त्यांना म्हटलं, आबा, देव सगळीकडे सारखाच, इथेच फोडू या नारळ. ते म्हणाले, देवाचं ठीक आहे, पण हा देव नाही, हा डोंगर आहे, आणि उपकार एकाचे आणि नारळ दुसऱ्याला हे बरं दिसत नाही. नारळ मांडीवर घेऊन ते दगडावर बसले. बाजारातून हवं ते न मिळता परत आलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

लेकीने पश्चिमेकडे बघून विचारलं, समुद्र कुठे आहे? समुद्र धुरक्यात होता. भाईंदरच्या इमारती पुसट दिसत होत्या आणि त्यांच्यापुढे नुसतं पांढरं. आबांनीही तिकडे बघितलं आणि एकदम ताठ झाले. म्हणाले, थांबू या. वारा फिरला की दिसेल.

वाटाड्याला घाई होती, ऊन चढायच्या आत उतरायचं होतं. पण तोही थांबला. अर्धा तास आम्ही चौघं एका झुडपाच्या तुटपुंज्या सावलीत बसून राहिलो, माझ्या डब्यातले थालीपिठाचे तुकडे खात. आबांनी खाल्लं नाही. मग वारा खरंच फिरला. धुरकं एकदम गेलं नाही, पण विरळ झालं आणि लांब, किनाऱ्याच्या रेषेवर, उत्तनकडची टेकडी वर आली. आमच्या गावची टेकडी. वाटाड्याने आबांपुढे दुर्बीण धरली. आबांनी ती नको म्हणून सारली. म्हणाले, "त्यात एकच दिसतं. मना दोन दिसाया पायजेत."

ते उभे राहिले. एक डोळा मिटला, हात लांब करून अंगठा उभा धरला आणि त्या टेकडीच्या डाव्या बाजूला लावला. होडीतून उजवा असलेला खांदा इथून डावा होता. तिथे, बरोबर अंगठ्याच्या मागे, त्यांच्या परतीच्या वाटेचं पाणी चमकत होतं. मग त्या दुसऱ्या गोल टेकडीकडे वळले, तिच्यापासून किनाऱ्याच्या टेकडीपर्यंत हवेतच बोटाने रेघ ओढली आणि ती रेघ कुठच्या कुठे, पार दक्षिणेच्या समुद्रात जाते हे बघून स्वतःशीच हसले. तिथून बंदरात शिरायला गेलो असतो तर कधीच वर गेलो असतो, म्हणाले. मग पायाखालच्या खडकावर काठी आपटली.

"हाच तो. वशिंडावर उभा ऱ्हायल्यावर वशिंड कसं दिसंल?"

वाटाड्याला इतका आनंद झाला की नारळ फोडायला त्यानेच दगड शोधून दिला. आबांनी चप्पल काढली, नारळ कपाळाला लावला आणि फोडला. पाणी त्या काळ्या खडकावर सांडलं आणि लगेच सुकलं. पहिला तुकडा त्यांनी वाटाड्याला दिला, कारण डोंगर त्याचा. दुसरा माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं, मी त्यांना सांभाळते म्हणून. करवंट्या आणि शेंडी मी पिशवीत भरली.

आता उतरायचं होतं आणि इथे दगा दिलाच. आबांच्या नव्हे, माझ्या गुडघ्याने. उतारावर एका सैल दगडावरून पाय घसरला, डाव्या गुडघ्यात कळ आली आणि मी खाली बसले. काही मोडलं नव्हतं, पण पाय टाकवेना. लेक घाबरली. वाटाड्या म्हणाला, सावकाश उतरू, हात धरा.

आबा तीन ढांगांत वर माझ्याजवळ आले, खाली बसले, म्हणजे चक्क उकिडवे बसले, आणि आपल्या पायातली नी-कॅप ओढून काढली. "घाल ही," म्हणाले. मी म्हटलं, आबा, तुमचं काय? त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच्या हाताने ती माझ्या गुडघ्यावर चढवायला लागले आणि ती चढेना. इतकी घट्ट होती. सहा वर्षांत तिचं इलॅस्टिक जराही सैल झालं नव्हतं. आतल्या बाजूला दुकानाचं लेबल कडक होतं, कोपऱ्यावर पारदर्शक चिकटपट्टीसुद्धा तशीच होती.

मी त्या लेबलाकडे बघत राहिले. मग समोर उकिडव्या बसलेल्या आबांकडे बघितलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस डोंगर चढून, अर्धा उतरून, कुठेही हात न टेकवता उकिडवा बसला होता.

तेव्हा एकेक आठवायला लागलं. लिफ्ट आठ दिवस बंद होती तेव्हा लेकीचं दप्तर आणि माझ्या भाजीच्या पिशव्या चौथ्या मजल्यावर येऊन पडलेल्या असायच्या आणि वॉचमनने आणल्या असं आबा सांगायचे. सकाळी खाडीच्या जेट्टीवरून ताजी बोय मासळी आणायचे आणि मी समजायचे, रिक्षाने गेले असतील. मी ऑफिसातून आठला घरी यायचे तेव्हा लेकीचा अभ्यास झालेला, भात लावलेला, दार आतून उघडणारं कुणीतरी असलेलं. बारा वर्षांत एकदाही मला रिकाम्या घराचं कुलूप उघडावं लागलं नाही. गुडघे कधी गेलेच नव्हते. समुद्र त्यांनी सोडला होता, माझ्यासाठी आणि लेकीसाठी, आणि मला ओझं वाटू नये म्हणून स्वतःच ओझं होऊन आले होते. आणि मी बिल्डिंगभर मिरवत होते की सासऱ्यांना सांभाळते.

मला रडू आलं. लेकीला वाटलं, गुडघा दुखतोय. मी विचारलं, "आबा, तुमचे गुडघे कधी दुखत होते हो?"

नी-कॅप एकदाची चढली होती. तिच्यावरची सुरकुती अंगठ्याने सारखी करत ते म्हणाले, "दुखायचे की. तू तेल लावायचीस तवा बरे व्हायचे. ऊठ आता."

मग ते माझ्या पुढे झाले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी खालपर्यंत उतरले. काठी आता माझ्या हातात होती. वाटाड्या मागून म्हणाला की बाबांना मी सकाळीच ओळखलं होतं, दुखणारा माणूस असा पाय टाकत नाही. त्या तेल चोळण्याच्या वेळी हसू कसं आवरलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. गेटवर माझी काडेपेटी परत मिळाली, करवंट्याही दाखवून झाल्या.

घरी आल्यावर मी कितीदा तरी वाक्य जुळवलं, पण बारा वर्षांचे आभार चहाच्या कपाबरोबर कसे द्यायचे ते कळेना. आबा मात्र पहिल्यासारखेच. दुसऱ्याच दिवशी सोफ्यावरून उठताना "आई गं" म्हणाले. यावेळी डावा गुडघा धरला होता.

मग होळी जवळ आली. होळीला गावातल्या होड्या सजवतात, पूजा करतात आणि घरच्यांना त्यातून फिरवून आणतात. दर वर्षी आबांच्या पुतण्याचा फोन येतो. दर वर्षी आबा सांगतात, नको रे, गुडघे धड नाहीत. यंदाही फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. आबांचं "गुडघे" एवढं कानावर आलं आणि मी बाहेर येऊन त्यांच्या हातातून फोन घेतला. म्हटलं, भावजी, आबांचे गुडघे बरे झालेत. आम्ही तिघंही येतोय.

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला होडी लागते."

मी म्हटलं, लागू दे.

लागलीच. बंदरातून बाहेर पडल्यापासून परत फिरेपर्यंत मी कडेला लोंबकळत होते आणि लेक माझी पाठ चोळत होती. परतताना पुतण्याने सुकाणू आबांच्या हातात दिलं आणि जीपीएसचा डबा टॉवेलने झाकला. बारा वर्षांनी त्यांनी ते धरलं. लेंगा वर खोचून, पाय फाकवून, हलत्या होडीत ते असे उभे होते की मला त्यांच्या गुडघ्यांकडे बघवेना. त्यांनी मला पुढे बोलावलं. मी तोंड पुसून, धरत धरत गेले. त्यांनी बोट दाखवलं आणि मी पहिल्यांदाच तो बैल पाहिला. टेकडीच्या मागे निळसर, निवांत बसलेला आणि त्याचं वशिंड टेकडीच्या उजव्या खांद्यावर.

सकाळचं ऊन समोरच्या पाण्यावरून डोळ्यात येत होतं. आबांनी डोळे बारीक केले, मग मिटलेच. म्हणाले, "मना आता निट दिसत न्हाय. तू बग आनी सांग. सरकला का?"

खरंच दिसत नव्हतं की हेही गुडघ्यांसारखंच होतं, ते मी विचारलं नाही. मी एकटक बघत राहिले. होडी वर जात होती, खाली येत होती, तरी मी नजर काढली नाही.

"नाही आबा," मी म्हटलं, "जागेवरच आहे."